मासे मारणारे पाणी, कावीळ देणारे पाणी

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे छायाचित्र जवळजवळ दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांत येते. बऱ्याचदा ते शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याजवळचे असते. बातमी आली की पाण्याचे नमुने घेतले जातात. साखर कारखाने इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाकडे बोट दाखवतात, तो उद्योग कोल्हापूरच्या सांडपाण्याकडे, आणि कोल्हापूर पुन्हा कारखान्यांकडे. मग पाऊस येतो, नदी दुथडी भरते आणि विषय वाहून जातो.

काविळीच्या रुग्णाचे छायाचित्र असे छापून येत नाही. तो सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर पडून असतो. डोळे पिवळे, अन्नाची शिसारी, अंगात त्राण नाही. त्याच्या आजाराचा आणि बंधाऱ्यावरच्या माशांचा संबंध सगळेच गृहीत धरतात. ‘नदी नासली, म्हणून मासे मेले आणि म्हणूनच कावीळ आली,’ असे सरसकट बोलले जाते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते अर्धेच खरे आहे. मासे ज्याने मरतात ते प्रदूषण वेगळे आणि माणसे ज्याने आजारी पडतात ते वेगळे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि कधी कधी तर ते एकमेकांच्या विरोधात जातात. पैसा, वीज आणि धरणातले पाणी तिन्ही मोजकेच असताना आधी काय करायचे, हा नदी स्वच्छतेतला खरा प्रश्न आहे. नेमका तोच फारसा विचारला जात नाही.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि श्रद्धेने गुप्त मानलेली सरस्वती, मिळून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे पंचगंगा होते. तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ती सुमारे ८० किलोमीटर वाहते. एवढ्याशा प्रवासात तिने कोल्हापूर शहराचा मैला वाहून न्यायचा, उसाला पाणी द्यायचे, लाखाहून अधिक यंत्रमागांच्या इचलकरंजीला पाणी पाजायचे, तिथल्या रंगाई-धुलाईचे पाणी पोटात घ्यायचे आणि शेवटी दत्ताच्या पायाशी येऊन भाविकांना तीर्थ म्हणून पुरायचे. यातले एकही काम अनावश्यक नाही. म्हणूनच या नदीचा गुंता सुटत नाही.

आधी मासे का मरतात ते पाहू. माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. साधारणपणे लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर पाणी चांगले समजतात. तो २-३ च्या खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नदीत कोणताही कुजणारा पदार्थ आला की सूक्ष्मजंतू तो खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. या भुकेचे माप म्हणजे ‘बीओडी’, जैविक प्राणवायू मागणी. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला साधारण २००-३०० मिलिग्रॅम असते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची, म्हणजे स्पेंट वॉशची, ४० हजारांच्या पुढे जाऊ शकते. याचा अर्थ स्पेंट वॉशचा एक टँकर रात्रीत ओढ्यात सोडला तर प्राणवायूच्या हिशेबात ते दीडशे-दोनशे टँकर मैलापाणी ओतल्यासारखे होते. मासे मरायला तेवढे पुरते. पण त्या स्पेंट वॉशमध्ये कावीळ, विषमज्वर किंवा पटकीचे जंतू नसतात.

त्यात बंधाऱ्यांची भर पडते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली मोठी देणगी. पावसाळ्यानंतर बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि उन्हाळाभर उपसा करायचा. राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी ही मालिका आहे. बरगे घातले की उसाला पाणी मिळते, पण नदीचे तळे होते. तळाशी गाळ कुजत राहतो. खाली पाणी कमी पडल्याची ओरड झाली की वरचे बरगे काढतात आणि महिनाभर साचलेला काळा लोट एकदम खालच्या बंधाऱ्यावर जातो. तेरवाडचे मासे अशाच वेळी धोक्यात येतात. म्हणजे ज्याला आपण ‘नदी वाहती करणे’ म्हणतो तो उपाय, चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या वेगाने केला, तर खालच्या गावाला अपाय ठरतो. बरगे एकदम न काढता थोडे थोडे काढायला पैसा लागत नाही, फक्त वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांचे वेळापत्रक एका हाती लागते.

आता माणसे. माणूस आजारी पडतो तो मुख्यतः माणसाच्याच विष्ठेमुळे. पटकी, विषमज्वर, आमांश, ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ हे सगळे एकाच वाटेचे प्रवासी: एकाच्या पोटातून बाहेर, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. पंचगंगेच्या खोऱ्याला यातील ‘ई’ काविळीची ओळख जुनी आहे. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून काविळीची साथ पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्या वेळी या विषाणूला नावही नव्हते. ‘अ’ नाही आणि ‘ब’ही नाही, म्हणून ‘नॉन-ए, नॉन-बी’ एवढेच म्हणत. १९८३ मध्ये मिखाईल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतःला कावीळ करून घेऊन हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. (आजची कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही.) पुढे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत ‘ई’ काविळीची मोठी साथ आली. रुग्णालये भरली, मृत्यू झाले. मधल्या ३१ वर्षांत विषाणूला नाव मिळाले, तपासणी किट मिळाली. पाण्याची वाट मात्र तीच राहिली.

‘ई’ कावीळ धडधाकट माणसात बहुधा आपली आपण बरी होते. म्हणून तिला हलके समजतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. यकृत निकामी होते, रक्त गोठत नाही, बाळ जाते, आई जाते. नदीच्या पाण्याची चर्चा करताना हा आकडा समोर असायला हवा. बीओडीच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

या विषाणूची आणखी एक खोड आहे. तो पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात, सरासरी पाच-सहा आठवडे. साथ लक्षात येते तेव्हा ज्या पाण्याने ती आणली ते कधीच नृसिंहवाडी ओलांडून गेलेले असते. त्या दिवशी घेतलेला नमुना ‘पिण्यायोग्य’ निघतो, आणि मग चौकशीत कोणीच दोषी ठरत नाही.

दिल्लीचे उदाहरण या संदर्भात प्रत्येक पाणीपुरवठा अभियंत्याला माहीत असायला हवे. १९५५ मध्ये पुरानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे सरकून वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत आले. जलशुद्धीकरण केंद्रातील मंडळी झोपली नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा परिणामही झाला: विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू निसटला. त्या वेळच्या पाणी तपासणीचा सारा भर जिवाणूंवर होता. जुन्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून पुढे कळले की ती साथ ‘ई’ काविळीची होती.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधले की हा प्रश्न सुटतो, असा सर्वांचा समज आहे. कोल्हापूरने कसबा बावडा येथे ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभारली. हे चांगलेच झाले. पण अशी केंद्रे मुळात बीओडी उतरवण्यासाठी असतात, म्हणजे एका अर्थाने माशांसाठी. कच्च्या मैलापाण्यात दर १०० मिलिलिटरला १० लाख ते १० कोटी विष्ठाजन्य जिवाणू असतात. मध्यम आकडा १ कोटी धरू. उत्तम चाललेले केंद्र, शेवटी निर्जंतुकीकरण केले नाही तर, त्यातले ९० ते ९९ टक्के काढते. ऐकायला ९९ टक्के फार वाटतात, पण १ कोटीतून ९९ टक्के गेले तरी १ लाख उरतात. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कमाल मर्यादा २,५०० आहे. पाणी स्वच्छ दिसते, वास नाही, बीओडी नियमात, मासेही जगतात, आणि तरी त्यात मर्यादेच्या चाळीसपट जंतू असतात.

मग धरणातून पाणी सोडून ते पातळ करावे, असे सुचवले जाते. थोडा हिशेब करून पाहू. दोन्ही केंद्रांतून रोज ९३ दशलक्ष लिटर पाणी १ लाख जंतूंसह बाहेर पडते असे समजले आणि ते फक्त पातळ करून २,५०० वर आणायचे ठरवले, तर एका भागाला ३९ भाग निर्मळ पाणी लागेल. म्हणजे रोज सुमारे ३६० कोटी लिटर. उन्हाळ्याच्या १०० दिवसांसाठी हे १२-१३ टीएमसी होते. राधानगरी धरणाची क्षमता आहे ८.३६ टीएमसी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले ते अख्खे धरण शहराचा मैला पातळ करण्यात रिकामे केले तरी पुरणार नाही, आणि उसाला थेंब उरणार नाही. वरून येणारे पाणीही निर्जंतुक नसते, ही गोष्ट वेगळीच. हा फक्त समजून घेण्यापुरता हिशेब आहे, पण ‘नदीत पाणी सोडा’ या मागणीची मर्यादा त्यातून दिसते. माशांना थोड्या पाण्यानेही दिलासा मिळतो. जंतूंच्या बाबतीत ते मूळ ठिकाणीच मारावे लागतात.

मारायचे कसे? सर्वांत स्वस्त क्लोरीन. पण नदीत जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन उरला तर लिटरला एका मिलिग्रॅमच्या काही शतांश भागानेही मासे मरू शकतात. म्हणजे माणसे वाचवायला टाकलेला क्लोरीन पुन्हा रसायनाने मारून मगच पाणी सोडायचे. त्याला खर्च आणि रोजची देखरेख लागते. दुसरा मार्ग अतिनील किरणांचा. त्यात माशांना धोका नाही, पण पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत, आणि वीज गेली की उपचार त्या क्षणी थांबतो. उन्हाळ्यात वीज केव्हा जाते हे वाचकांना सांगायला नको.

कापड रंगवणाऱ्या उद्योगाची बाजू इथे ऐकायला हवी. ‘आमच्या पाण्याने कावीळ होत नाही,’ हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. रंगाचा विषाणू होत नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. खालच्या गावाचे जलशुद्धीकरण केंद्र जेव्हा नदीचे पाणी उचलते, तेव्हा त्यात मिसळलेला क्लोरीन आधी सेंद्रिय घाणीवर आणि अमोनियावर खर्च होतो, जंतूंची पाळी नंतर येते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. दिल्लीत यमुनेतील अमोनिया वाढला की शुद्धीकरण केंद्रे मंदावतात किंवा बंद ठेवावी लागतात, त्याचे कारण हेच. कारखान्याचे पाणी कावीळ देत नाही, पण काविळीविरुद्धचे हत्यार बोथट करते. मासे मारणारे प्रदूषण आणि माणसांना आजारी पाडणारे प्रदूषण यांची गाठ पडते ती इथे, जलशुद्धीकरण केंद्राच्या क्लोरीन टाकीत.

मग क्लोरीन आणखी वाढवला तर? सेंद्रिय घाण आणि क्लोरीन यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात. दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात ती पोटात गेली तर कर्करोगाचा धोका किंचित वाढू शकतो. ही माहिती समाजमाध्यमांवर फिरते आणि काही घरांत क्लोरीनचा वास आला म्हणून नळाचे पाणी सोडून बोअरचे पाणी प्यायला सुरुवात होते. हे मोठ्या धोक्याकडे पाठ फिरवून लहान धोक्याला भिण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका याबाबत स्वच्छ आहे: या उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात कधीही तडजोड करू नये. दूषित पाण्याने आजारपण येत्या महिन्यात येते. ट्रायहॅलोमिथेनचा हिशेब आयुष्यभराचा असतो. दोन्ही टाळायचे असतील तर क्लोरीन टाकण्याआधी पाणी नीट निवळून, गाळून घेणे हा मार्ग आहे.

शिरोळ तालुक्यात कर्करोगाचीही चर्चा नेहमी होते. नदीशी त्याचा संबंध जोडण्याआधी तंबाखू, फवारणीची औषधे, वाढलेले आयुर्मान, सुधारलेले निदान या सगळ्यांचा हिशेब करावा लागतो, आणि तो गावोगावच्या नोंदणीशिवाय होत नाही. पोटाच्या साथींचे मात्र तसे नाही. तिथले कारण आणि उपाय दोन्ही शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहेत.

मासे मेले की कारखाने बंद करण्याच्या नोटिसा निघतात. त्या निघायलाही हव्यात. नियम मोडणाऱ्याला खर्च सोसावा लागला नाही तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो. पण प्रोसेस बंद झाली की माग थांबतात आणि माग थांबले की आठवड्याचा पगार थांबतो. पगार बुडालेल्या घरात आधी दूध बंद होते, मग मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. हा आजार नदीच्या अहवालात मोजला जात नाही. म्हणून दरसाल पंधरा दिवस सगळे बंद आणि नंतर साडेअकरा महिने सगळे चालू, या पद्धतीपेक्षा सामुदायिक प्रक्रिया केंद्र बारा महिने चालवणे आणि त्याच्या तोंडावर सतत मोजणारी यंत्रे बसवणे आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. इचलकरंजीत असे १२ दशलक्ष लिटरचे केंद्र आहे. प्रश्न आहे तो तिथपर्यंत न पोचता काळ्या ओढ्यातून जाणाऱ्या पाण्याचा.

शेतीत पाणी देणे हा दुसरा आवडता उपाय. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत न सोडता उसाला द्यावे. त्यात नत्र-स्फुरद असते, खताचा खर्च वाचतो, नदीतला मैला कमी होतो. ऊस हे यासाठी चांगले पीक आहे, कारण रस काढून उकळला जातो. पण त्याच पाटाच्या कडेला कोथिंबीर, मेथी, काकडी असेल तर जंतू थेट जेवणाच्या ताटात येतात. पाणी ‘शेतीला’ दिले एवढे म्हणून चालत नाही, कोणत्या पिकाला दिले हे पाहावे लागते. त्या पाण्यात अनवाणी उभे राहून काम करणाऱ्या मजुराच्या पायातून अंकुशकृमी शिरतो आणि त्याचे रक्त कमी होते. गमबूट ही साधी गोष्ट, पण सिंचन योजनेच्या अंदाजपत्रकात तिला जागा नसते. शिवाय सगळे पाणी शेताकडे वळवले तर उन्हाळ्यात नदीत उरते काय?

या सगळ्या कटकटीतून शहरांनी एक सोपी वाट शोधली आहे. नळाचे तोंड वर नेणे. कोल्हापूरची शिंगणापूर आणि बालिंगा ही उपसा केंद्रे शहराच्या नाल्यांच्या वरच्या अंगाला आहेत, म्हणजे नाल्यांतून नदीत जाणारा मैला शहराच्या उपशात येत नाही. तो खालच्यांच्या वाट्याला आला. २०२३ मध्ये दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनही आली. कोल्हापूरकरांच्या आरोग्यासाठी ती चांगलीच आहे. इचलकरंजीनेही पंचगंगेवरचा भार कमी करून कृष्णेचे पाणी आणले. वारणेवर दानोळीहून आणि मग दूधगंगेवर सुळकूडहून पाणी आणण्याच्या योजना मांडल्या. दोन्हींना तिथल्या गावांनी विरोध केला. त्या गावांची भीती समजण्यासारखी आहे: तुम्ही तुमची नदी नासवली, आता आमची घेणार. इचलकरंजीचीही बाजू आहे: त्यांची नदी नासवणारे फक्त ते नाहीत, वरचे शहरही आहे. नळ दूर नेल्याने शहराची कावीळ टळते यात शंका नाही, आणि आजार रोखणे हे पहिले कर्तव्य आहे. पण नदीचे पाणी ज्या शहराच्या पोटात जात नाही, त्या शहराला ती नदी साफ ठेवण्याची घाई उरत नाही. पाइपलाइन आणि शुद्धीकरण केंद्र यांचा निधी वेगवेगळा मागितला जातो, तिथेच चूक होते. नवे पाणी शहरात आले की तेवढेच जादा सांडपाणी नाल्यात उतरणार, हे साधे गणित आहे.

हे भांडण फक्त आपल्याकडचे नाही. शिकागो शहराचा मैला मिशिगन सरोवरात जात असे आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई. विषमज्वराने माणसे मरत. शहराने १९०० मध्ये कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. मैला सरोवराऐवजी मिसिसिपी नदीच्या दिशेने जाऊ लागला. शिकागोत विषमज्वर घटला. खालच्या अंगाला, शेकडो मैलांवर, सेंट लुईस शहर मिसिसिपीचे पाणी पीत होते. मिझुरी राज्याने खटला भरला. शिकागोचे जंतू सेंट लुईसपर्यंत जिवंत पोचतात का, हे पाहण्यासाठी लाल रंग देणाऱ्या जिवाणूंची १०७ पिंपे कालव्यात ओतण्यात आली. १९०६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. पुरावा पुरेसा नाही, आणि मिझुरीची स्वतःची गावेही त्याच नदीत मैला सोडतात, असे न्यायमूर्ती होम्स यांनी नोंदवले. सेंट लुईसला शेवटी आपले पाणी स्वतःच शुद्ध करावे लागले. कोर्टात वरच्या गावाचा जंतू ओळखणे अवघड असते. तेव्हाही होते, आजही आहे. पंचगंगेचे प्रकरणही मुंबई उच्च न्यायालयात गेले, नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने अभ्यास केला, आदेश निघाले. त्याने कामांना गती आली हे खरे. पण आदेशांची भाषा बहुतेक बीओडीची राहते.

मानकांची ओढाताणही याच कारणाने होते. २०१५ मध्ये केंद्राने सांडपाणी केंद्रांसाठी कडक मसुदा काढला: बीओडी १०, नत्रावरही मर्यादा. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत बीओडी महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० झाली, विष्ठाजन्य जिवाणूंसाठी १,००० ची मर्यादा ठेवली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा १० आणि जिवाणूंसाठी २३० असे कडक आकडे दिले. कडक म्हणजे चांगले, असे सगळ्यांना वाटते. पण १० बीओडीचे महागडे केंद्र अर्ध्या शहराला पुरवणे आणि ३० बीओडीचे, पण शेवटी निर्जंतुकीकरण असलेले केंद्र सगळ्या शहराला पुरवणे, यातून निवड करायची तर कावीळ रोखायला दुसरे जास्त उपयोगी. पहिल्यात माशांचा आणि नदीचा दूरचा फायदा जास्त. आज निवड करायची झाली तर नाले अडवणे, पंपांना जनित्राची जोड देणे आणि केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निर्जंतुक करणे ही कामे पुढे घ्यावीत. बीओडी २० वरून १० वर आणण्याचा खर्च त्यानंतर. मत्स्यशास्त्राचे अभ्यासक कदाचित या क्रमाला मान डोलावणार नाहीत. त्यांचेही म्हणणे बिनबुडाचे नाही, कारण नदीला प्राणवायू नसेल तर तिची स्वतःला साफ करण्याची ताकदही जाते.

या खोऱ्यातील गावांसाठी काही गोष्टी मात्र वरच्या कोणत्याही वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता करता येतात. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा, आणि पूर ओसरल्यानंतरचे काही आठवडे, हे दोन काळ जास्त धोक्याचे. या दिवसांत पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही. तुरटीनंतर क्लोरीन हवाच. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असला पाहिजे. ग्रामपंचायतीकडे तो तपासण्याचे ओटी द्रावण असते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरीन नाही, हे कोणालाही पाहता येते. घरात गरोदर स्त्री असेल तर तिचे पाणी बारा महिने उकळलेलेच असावे, माहेरी-सासरी, प्रवासात आणि यात्रेतही. नृसिंहवाडीला तीर्थ घेताना ते ओठांना लावून डोक्यावर शिंपडले तरी श्रद्धा कमी होत नाही.

आणि एकाच गल्लीत आठ-पंधरा दिवसांत दोन-तीन मोठ्या माणसांना कावीळ झाली, तर झाडपाल्याच्या औषधासाठी गाडी करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. तोवर पाण्याच्या पाइपची गळती त्याच गटारात सुरू असण्याची शक्यता असते, आणि पुढच्या पाच-सहा आठवड्यांत कोण पिवळे पडणार हे त्या दिवसांत ठरत असते.